नाकाला कळते, यंत्राच्या यादीत नाही

१९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या उपनगरांतून अग्निशमन दलाकडे फोनची रीघ लागली. चेंबूर, घाटकोपर, मानखुर्द, पवई, अंधेरी असा सगळा पट्टा, आणि तक्रार एकच: गॅसचा वास येतो आहे. गॅसवाहिन्यांची तपासणी झाली, पण गळती आढळली नाही. पुढच्या वर्षी ६ जूनला, टाळेबंदीच्या दिवसांत, पूर्व उपनगरांत पुन्हा तसाच वास आला आणि पुन्हा तीच धावपळ झाली. दोन्ही वेळा वास विरला, त्यामागोमाग बातमीही विरली.

मला या दोन रात्रींचे वेगळेच महत्त्व वाटते. कोणत्याही यंत्राच्या आधी हजारो नाकांनी एकाच वेळी हवेतला बदल टिपला होता. आणि ज्या जातीच्या रसायनांना असा वास असतो, त्यांतले एकही आपल्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत नाही. २००९ साली ठरलेल्या त्या यादीत बारा प्रदूषके आहेत: धुळीचे दोन प्रकार, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझीन, बेंझोपायरीन, शिसे, अर्सेनिक, निकेल. सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड तीत नाही, मर्कॅप्टन नाहीत, कार्बन डायसल्फाइड नाही. त्यामुळे नाल्याकाठी, कचराभूमीजवळ किंवा आसवनीच्या शेजारी राहणारा माणूस रोज ज्याबद्दल बोलतो, ते सरकारी कागदावर हवेचे प्रदूषण म्हणून उमटतच नाही. त्याच्या तक्रारीवर मग ठरलेला शेरा पडतो: हवेची गुणवत्ता समाधानकारक.

मुळात आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो गॅसचा नसतोच. सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन, तसाच पाइपमधून येणारा मिथेन, यांना जवळजवळ वास नसतो. त्यात मुद्दाम मिसळलेले असते इथाइल मर्कॅप्टन. दोन कार्बनची छोटीशी साखळी आणि तिच्या टोकाला गंधक व हायड्रोजनची जोडी, एवढाच तो रेणू. तो ३५ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी उघड्या बाटलीत टिकणारच नाही. वासाची ही युक्ती सक्तीची झाली ती एका भयंकर घटनेनंतर. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघराच्या पोकळीत साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्या वायूला वास नव्हता, त्यामुळे तो साचत असताना कोणालाच कळले नाही. त्यानंतर टेक्सासने आणि मग इतरांनी वायूत वास मिसळण्याचा कायदा केला. वास किती असावा याचेही गणित आहे. हवेत गॅसचे प्रमाण पेट घेण्याच्या पातळीच्या साधारण पाचव्या हिश्श्याला पोहोचले की तो सामान्य नाकाला जाणवला पाहिजे.

यासाठी लागणारे मर्कॅप्टन मात्र नगण्य असते, कारण या रेणूसाठी माणसाचे नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या शंभर कोटी रेणूंत इथाइल मर्कॅप्टनचा एखादा रेणू असला तरी पुष्कळांना तो कळतो. पन्नास मीटर लांबीच्या जलतरण तलावात अर्धा चमचा काहीतरी टाकावे आणि ते ओळखू यावे, असे हे प्रमाण. असे का होते याचा एक सुंदर दुवा २०१६ साली हाती आला. गंधकाच्या या संयुगांना ओळखणारा मानवी नाकातला एक ग्राहक प्रथिन-रेणू सापडला आणि तो तांब्याच्या अणूच्या मदतीने काम करतो असे दिसले. गंधक आणि तांबे यांची ओढ आपल्याला घरात ठाऊक असते. तांब्याचा हंडा काळवंडतो, चांदीचे पैंजण काळे पडतात, ते याच ओढीमुळे. नाक तीच ओढ वापरते. अशी तयारी निसर्गाने का केली असेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. सडलेले मांस आणि कुजलेले पाणी ओळखणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

सडण्याशी गंधकाचा हा संबंध आला कुठून? आपल्या प्रथिनांमध्ये गंधक असलेली दोन अमिनो आम्ले असतात, सिस्टीन आणि मिथिओनिन. मांस, डाळ, कोबी, शेण, मैला, माशांची घाण, शेतातला पाला, सर्वांत ती आहेत. हवा खेळती असेल तर जिवाणू या गंधकाचे सल्फेट करतात आणि ते निमूटपणे मातीत वा पाण्यात राहते. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि मिथिओनिन फोडून मिथाइल मर्कॅप्टन. पुढे त्याचे डायमिथाइल सल्फाइड होते. यांतला हायड्रोजन सल्फाइड हा काटेकोर अर्थाने सेंद्रिय नव्हे, त्यात कार्बन नाही. पण तो या कुटुंबातून कधी वेगळा काढता येत नाही. थोडक्यात, दुर्गंधी म्हणजे तिथला ऑक्सिजन संपल्याची वर्दी. नाल्याला वास येऊ लागला याचा अर्थ पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. सुगंधी फवारे मारून त्यावर उपाय होत नाही, तरी दर उन्हाळ्यात कुठली ना कुठली नगरपालिका तो प्रयोग करतेच.

हवेत आल्यावर ही संयुगे फार काळ टिकत नाहीत. दिवसा सूर्यप्रकाशाने तयार होणारा हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत क्रियाशील रेणुखंड त्यांच्यावर तुटून पडतो, रात्री ते काम नायट्रेटचा रेणुखंड करतो. मिथाइल मर्कॅप्टनचे आयुष्य काही तासांचे, डायमिथाइल सल्फाइडचे साधारण एका दिवसाचे. शेवटी सल्फर डायऑक्साइड, सल्फेटचे सूक्ष्म कण आणि आम्ल तयार होते. म्हणजे वास जातो, गंधक जात नाही. शिवाय ऑक्सिजनच्या संगतीत मिथाइल मर्कॅप्टनचे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन डायमिथाइल डायसल्फाइड बनते, आणि ते तर नमुन्याच्या पिशवीतही घडते. तक्रार रात्री अकराची, नमुना घ्यायला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, आणि तपासणी आणखी दोन दिवसांनी. अशा नमुन्यात काही सापडले नाही यात नवल काहीच नाही. त्यात हिवाळ्याची पहाट असेल तर थंड हवेचा थर जमिनीलगत बसलेला असतो, वास वर जाऊ शकत नाही. ऊन चढले की थर फुटतो. अधिकारी येतो तेव्हा हवा खरोखरच स्वच्छ असते. रहिवासीही खरे बोलत असतात आणि अधिकारीही.

या रसायनांचा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा नैसर्गिक कारखाना आहे समुद्र. नद्या जमिनीवरचे गंधक समुद्रात वाहून नेतात. ते परत जमिनीवर कसे येते हे कोडे बराच काळ होते. हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने येत असावे असे मानले जाई, पण समुद्रावर तो पुरेसा सापडेना. १९७२ साली जेम्स लव्हलॉक यांनी एका संशोधन-नौकेवरच्या मोजणीच्या आधारे दाखवले की समुद्राच्या पाण्यात डायमिथाइल सल्फाइड जागोजागी आहे. ते येते सूक्ष्म वनस्पती-प्लवकांपासून. खारटपणा सोसण्यासाठी प्लवक आपल्या पेशीत एक गंधकयुक्त पदार्थ साठवतात. ते मेले किंवा खाल्ले गेले की तो फुटून डायमिथाइल सल्फाइड मोकळे होते. एका अंदाजानुसार समुद्रातून दरवर्षी सुमारे २.८ कोटी टन गंधक या वाटेने हवेत जाते. किनाऱ्यावर उतरताच जो ‘समुद्राचा वास’ येतो त्यात याचा मोठा वाटा आहे. काही समुद्रपक्षी याच वासाच्या मागाने खाद्य शोधतात, हे १९९५ साली दाखवले गेले.

हवेत गेल्यावर याच गंधकाचे कण होतात आणि त्यांच्याभोवती पाण्याची वाफ जमून ढग बनतात. प्लवक वाढले की ढग वाढतील, ऊन कमी पडेल, प्लवक आटोक्यात राहतील. पृथ्वी स्वतःचे तापमान असे सांभाळते, ही लव्हलॉक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांची १९८७ ची कल्पना फार गाजली. कल्पना देखणी होती. २०११ पर्यंत मात्र तिच्याविरुद्ध इतके पुरावे जमा झाले की हे चक्र इतके सरळ चालत नाही हे बहुतेकांनी मान्य केले; ढगांच्या कणांत समुद्री मीठ आणि इतर सेंद्रिय पदार्थांचाही वाटा मोठा असतो. आणि २०२० साली, विमानातून महासागरांवर केलेल्या मोजण्यांत, डायमिथाइल सल्फाइडच्या विघटनातला एक संपूर्ण मधला टप्पा नव्याने सापडला. ज्या रेणूचा अभ्यास पन्नास वर्षे चालू आहे त्याच्याबाबत ही स्थिती, मग आपल्या नाल्यांवरच्या हवेबद्दल ठाम बोलणाऱ्यांनी जरा सावध असावे.

आपल्या किनाऱ्याचीही या कथेत जागा आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून नियमित नमुने घेत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिथले तळाजवळचे पाणी जवळपास प्राणवायूविरहित होते, त्यात हायड्रोजन सल्फाइडही सापडतो आणि डायमिथाइल सल्फाइडचे प्रमाण चढते. हे काही अंशी नैसर्गिक आहे. पण जमिनीवरून वाहत जाणारी खते आणि सांडपाणी त्यात भर घालतात, आणि त्याचा फटका मासळीला बसतो.

वैद्यकात हाच रेणू दुसऱ्या दाराने येतो. यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या श्वासाला एक गोडसर, कुबट वास असतो. वॉर्डातल्या जुन्या परिचारिका खाटेजवळ येताच तो ओळखतात, रक्ताचा अहवाल नंतर येतो. या वासाचे मुख्य कारण डायमिथाइल सल्फाइड. आतड्यातले जिवाणू मिथिओनिन फोडत असतात, निरोगी यकृत ती संयुगे रक्तातून काढून टाकते. यकृत थकले, किंवा रक्त त्याला वळसा घालून जाऊ लागले, की ती फुप्फुसापर्यंत पोहोचतात आणि सहज उडणारी असल्यामुळे श्वासातून बाहेर पडतात. समुद्रावरचा रेणू आणि वॉर्डातला रेणू अगदी एकच.

तोंडाच्या दुर्गंधीचेही असेच. बहुतेकांत ती जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि हिरड्यांच्या फटींतून येते, कारण तिथे हवा पोहोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मर्कॅप्टन बनवणारे जिवाणू सुखाने राहतात. जीभ घासणे आणि दंतवैद्याकडे जाणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. लसणाचा वास मात्र दात घासून जात नाही, कारण त्यातले एक संयुग रक्तात शिरून फुप्फुसातून बाहेर येत राहते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थही गंधकाचाच, आणि तो तयार करणारे विकर २००२ साली सापडले. फोडणीतला हिंग तर याच कुळातला. माणसाने या दुर्गंधीच्या कुटुंबातली काही मंडळी निवडून स्वयंपाकघरात मानाने बसवली आहेत.

थोड्या रुग्णांत गोष्ट वेगळी असते. वर्षानुवर्षे दात घासून, गुळण्या करून, गोळ्या चघळूनही श्वासाला उकडलेल्या कोबीसारखा वास येत राहतो. लोक पाठ फिरवतात, डॉक्टर ‘मनाचा खेळ’ म्हणतात. २०१८ साली अशा काही कुटुंबांत एका जनुकातला दोष सापडला. मिथाइल मर्कॅप्टनचे विघटन करणारे विकर त्यांच्या शरीरात काम करत नाही. म्हणजे त्यांचे म्हणणे खरे होते. माझ्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे आहे की वासाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला झटकून टाकण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

आता मरणाची बाजू. नाक फार तीक्ष्ण आहे म्हणून ते भरवशाचे आहे असे नव्हे. हायड्रोजन सल्फाइडचा वास अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही येतो. पण हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात १०० ते १५० भागांवर गेले की घ्राणचेता बधिर होते आणि वास येणे थांबते. आत उतरलेल्या माणसाला वाटते, आता हवा बरी झाली. प्रत्यक्षात तो धोक्याच्या उंबरठ्यावर उभा असतो. ५०० च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो आणि हजाराच्या आसपास एका-दोन श्वासांत. पेशीतला ऑक्सिजन वापरणारे यंत्रच हा वायू बंद पाडतो. फुप्फुसात हवा असूनही पेशी गुदमरते. खात्रीचा उतारा आमच्याकडे नाही. ऑक्सिजन, कृत्रिम श्वास आणि वाट पाहणे, बस. अपघात विभागात अशा माणसाच्या खिशातली नाणी किंवा गळ्यातला चांदीचा ताईत काळा पडलेला दिसला तर निदान तिथेच होते.

या विषबाधेत रुग्ण बहुधा एकटा येत नाही. पहिला पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी, शेणाचा काला साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एक जण उतरला आणि त्याच्यामागे एकेक करून घरातले पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक वाचला. अशा खड्ड्यात मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि प्राणवायूचा अभाव हे सगळे एकत्र असते. कोणी मारले हे वेगळे काढण्यात अर्थ नसतो. वाचवणारा दोर होता, एवढे मात्र स्पष्ट दिसते. गोबरगॅसची टाकी, मळीच्या पाण्याचा खड्डा, सोसायटीची सेप्टिक टाकी, शहरातले मॅनहोल यांत उतरण्यापूर्वी हवा मोजायची असते, झाकण काढून ती खेळती करायची असते, आणि वर दोर धरणारा माणूस असावा लागतो. मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहणे ही तपासणी नव्हे. तिथे मिथेन असेल तर ती आग लावणेच आहे.

मॅनहोलमध्ये माणसाने उतरावे का, हा प्रश्न कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. संरक्षक साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे उतरतात, कारण उतरवणारा ठेकेदार असतो, त्याच्यामागे पोटठेकेदार असतो, आणि मरणारा कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. काही हजार रुपयांत मिळणारे, खिशाला लावायचे वायुमापक यंत्र प्रत्येक प्रभागात असणे ही काही मोठी मागणी नाही. नुकसानभरपाईच्या एका प्रकरणातल्या रकमेत अशी अनेक येतील.

कार्बन डायसल्फाइडची कथा संथ विषाची आहे. व्हिस्कोस रेयॉन, म्हणजे आपण ज्याला पूर्वी कृत्रिम रेशीम म्हणत असू, ते बनवताना लाकडाच्या लगद्यावर या द्रवाची प्रक्रिया होते. आपल्याकडे कल्याणजवळचे शहाड आणि मध्य प्रदेशातले नागदा ही या उद्योगाची जुनी ठिकाणे. या रसायनाचे दुष्परिणाम पॅरिसमधल्या रबर कामगारांत १८५० च्या दशकातच नोंदले गेले होते: झोप उडणे, चिडचिड, भ्रम, हातापायांतली ताकद जाणे. १९६८ साली ब्रिटनमध्ये व्हिस्कोस कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक आढळले. फिनलंडमध्ये कारखान्यातल्या हवेतले प्रमाण खाली आणल्यावर तो जादा धोका ओसरला. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच, की मोजले, कमी केले आणि माणसे वाचली. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने या विषबाधेला कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत ठेवले आणि ते कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली. पण छातीत दुखणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला तंबाखू विचारली जाते, मधुमेह विचारला जातो. ‘कुठल्या खात्यात काम करता’ हे किती ठिकाणी विचारले जाते? केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढेच लिहिलेले असते.

मग रोजच्या, विषारी पातळीच्या पुष्कळ खालच्या वासाचे काय? इथे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. न्यूझीलंडमधले रोटोरुआ हे शहर भूगर्भातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडच्या वासातच वसले आहे. तिथल्या रहिवाशांच्या सविस्तर अभ्यासांत दमा किंवा बुद्धीवर दुष्परिणाम आढळले नाहीत. उलट फिनलंडच्या दक्षिण कारेलिया भागात कागद-लगद्याच्या गिरण्यांजवळ राहणाऱ्यांत खोकला, डोळ्यांची जळजळ आणि डोकेदुखी जास्त दिसली. गिरणीच्या धुरात मर्कॅप्टन आणि इतरही बरेच काही असते. म्हणून नाल्याच्या वासाने कर्करोग होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण त्या वासाने मळमळणे, डोके दुखणे, झोप न येणे, खिडक्या बंद ठेवून कोंदट घरात राहावे लागणे हे आजारपणच आहे, आणि ते नाटक नाही. ‘वासाने कोणी मरत नाही’ हे वाक्य ज्यांच्या खिडकीला वास येत नाही तेच बोलतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात हायड्रोजन सल्फाइडचे दोन वेगळे आकडे आहेत. आरोग्याच्या दृष्टीने चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम, आणि वासाचा उपद्रव टाळायचा तर अर्ध्या तासाची सरासरी अवघी ७. म्हणजे उपद्रव हीदेखील मोजण्याची आणि रोखण्याची गोष्ट मानली आहे. जपानने १९७१ सालीच दुर्गंधीविरोधी कायदा केला. त्यातल्या नियंत्रित पदार्थांत मिथाइल मर्कॅप्टन, हायड्रोजन सल्फाइड, डायमिथाइल सल्फाइड आणि डायमिथाइल डायसल्फाइड नावानिशी आहेत. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधीवर मार्गदर्शक सूचना छापल्या. चांगल्या आहेत. पण त्या सूचना आहेत, मानक नव्हे, आणि सूचनेच्या भंगाबद्दल कोणाला नोटीस बजावता येत नाही.

हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मर्कॅप्टन ही दोन नावे आधी यादीत यावीत, निदान सांडपाणी केंद्रे, कचराभूमी, आसवन्या आणि मोठे नाले यांच्याभोवती त्यांची सतत मोजणी व्हावी. फिरती व्हॅन दुसऱ्या दिवशी पाठवून हे होणार नाही, हे वर आलेच आहे. आणि तोवर नागरिकांच्या नाकाचा उपयोग करावा. वास केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, वारा कुठून होता, भरती होती की ओहोटी, एवढे चार रकाने असलेली वही एखाद्या गृहसंस्थेने तीन महिने ठेवली तर उगमस्थान नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. एसीच्या तांब्याच्या नळ्या वर्ष-दीड वर्षात काळ्या पडून गळत असतील तर तेही लिहावे. नाल्याकाठच्या इमारतींत ती हायड्रोजन सल्फाइडने ठेवलेली सहीच असते.

एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांबद्दल. साठीनंतर वास घेण्याची शक्ती कमी होत जाते, आणि कोविडनंतर अनेक तरुणांचीही ती पुरती परतलेली नाही. सर्दी असेल तर तात्पुरतीही जाते. त्यातच नव्या कोऱ्या किंवा आतून गंजलेल्या लोखंडी टाकीत मर्कॅप्टन पत्र्याला चिकटते वा त्याचे रूपांतर होते, आणि गॅसचा वास फिका पडतो. जमिनीखालून झिरपणाऱ्या गॅसमधला वास माती शोषून घेते. तेव्हा वास नाही म्हणजे गळती नाही, असे धरू नये. आणि वास आलाच तर रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, दिव्याचे किंवा पंख्याचे बटण ना लावावे ना बंद करावे, आणि बाहेर येऊन सिलिंडरच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक फिरवावा. ज्यांचे नाक काम करत नाही त्यांच्या स्वयंपाकघरात गळती ओळखणारे विजेवरचे यंत्र बसवून घ्यावे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून यंत्र फरशीपासून वीतभर उंचीवर हवे. पाइपमधला मिथेन हलका असतो, त्याचे यंत्र छताजवळ लागते. बसवायला आलेल्या माणसाला आपल्याकडे यांपैकी काय आहे, ते आधी सांगावे.